अंत्यकाळाच्या भविष्यवाणीवर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

नाशिकमध्ये बायबल अभ्यासाला एकत्र येणारी माणसे बहुधा एकाच परंपरेतली नसतात. शरणपूरच्या जुन्या मंडळीत वाढलेले आजोबा, कॅथलिक घरातून आलेली सून, सिडकोतल्या एखाद्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळीत जाणारा नातू आणि लहानपणी अ‍ॅडव्हेंटिस्ट शाळेत शिकलेल्या मावशी एकाच सतरंजीवर बसतात, आणि प्रकटीकरण हे बायबलचे शेवटचे पुस्तक उघडले की प्रत्येकाच्या मनात वेगळे चित्र उभे राहते. नातवाला वाटते की मंडळी कोणत्याही क्षणी वर घेतली जाईल. मावशींच्या मनात दानीएलातील २३०० दिवसांचा हिशेब असतो. सुनेला असा काही तक्ता असतो हेच माहीत नसते, आणि आजोबा म्हणतात की प्रभू येणार एवढे पुरे आहे, बाकीचा खल कशाला. अशा घरात किंवा मंडळीत अंत्यकाळाचा अभ्यास घ्यायचा असेल तर तो कसा घ्यावा, यासाठी हा लेख आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या, आधीचे आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक, एवढा वेळ या विषयाला द्यावा. त्याहून कमी वेळात हा विषय हाती घेतला तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच मत सर्वांच्या पदरी पडते.

या अभ्यासाचे उद्दिष्ट सुरुवातीलाच ठरवून सर्वांना सांगावे. आठ आठवड्यांनी सर्वांचे एकमत व्हावे हे उद्दिष्ट नसावे. प्रत्येकाला आपल्याहून वेगळे मत इतक्या प्रामाणिकपणे मांडता यावे की ते मत मानणारा माणूस ऐकून म्हणेल, “होय, माझे म्हणणे हेच आहे,” आणि ते मत कोणत्या वचनावर उभे आहे व कोणत्या वचनापाशी अडखळते हे त्याला बोट ठेवून दाखवता यावे, हे उद्दिष्ट असावे. मतभेद टाळून मंडळीत शांतता राहते असे मला वाटत नाही, कारण जे वर्गात बोलले जात नाही ते मोबाइलवर फिरत राहते आणि तिथे उलट बाजू मांडणारे कोणी नसते.

पहिली बैठक: सर्वांना मान्य असलेले

पहिल्या बैठकीत प्रकटीकरण उघडूच नये. प्रेषितांचा आणि नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीच्या विश्वासाचे दोन जुने पाठ, मोठ्याने वाचावेत आणि त्यांत भविष्याविषयी काय आहे ते फळ्यावर लिहावे. प्रभू गौरवाने पुन्हा येणार, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करणार, मेलेल्यांचे पुनरुत्थान होणार, त्याच्या राज्याला अंत असणार नाही: इतकेच तिथे आहे, आणि ते थोडे नाही. १९७० साली अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन अशा निरनिराळ्या परंपरा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या, तेव्हा त्यांच्या ऐक्याच्या पायात हे दोन विश्वासांगीकार होते, हजार वर्षांच्या राज्याविषयीचे कोणतेही एक मत नव्हते. कॅथलिक मिस्सामध्येही रविवारी हाच विश्वास म्हटला जातो.

याच बैठकीत दुसऱ्या शतकातला एक दाखला आवर्जून द्यावा. हुतात्मा जस्टिन हा यरुशलेमेत प्रभूचे हजार वर्षांचे राज्य प्रत्यक्ष होणार असे ठामपणे मानणारा होता. त्रुफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेल्या आपल्या संवादात तो आपले हे मत मांडतो आणि त्याच जागी हेही नोंदवतो की शुद्ध व भक्तिमान विश्वासाचे अनेक ख्रिस्ती लोक असे मानत नाहीत. ख्रिस्ती लोकांत या प्रश्नावर मतभेद आहेत, हे एका पक्षाच्या कडव्या पुरस्कर्त्याने इसवी सन १६०च्या सुमारास इतक्या सरळपणे लिहून ठेवले आहे, हे कळल्यावर वर्गातला ताण बराच उतरतो.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

या विषयातला बहुतेक गोंधळ दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळल्याने होतो. प्रकटीकरणाचे पुस्तक कोणत्या काळाविषयी बोलते, हा एक प्रश्न. विसाव्या अध्यायातील हजार वर्षे प्रभूच्या येण्याच्या आधी आहेत की नंतर, हा दुसरा प्रश्न. एखादा माणूस पहिल्या प्रश्नाला एक उत्तर देऊन दुसऱ्याला दोन-तीन निरनिराळी उत्तरे देऊ शकतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत फक्त पहिला प्रश्न घ्यावा.

पहिल्या प्रश्नाची चार उत्तरे प्रचलित आहेत. काहींच्या मते या पुस्तकातला बहुतेक भाग पहिल्याच शतकात, यरुशलेमेच्या विनाशात आणि रोमन छळात, घडून गेला. हे प्रेटरिस्ट वाचन. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्यात जेझुइट या कॅथलिक संघातल्या लुईस दे अल्काझार या स्पॅनिश विद्वानाने त्याची सविस्तर मांडणी केली. काहींच्या मते हे पुस्तक प्रेषितांपासून शेवटापर्यंतच्या मंडळीच्या इतिहासाचा अनुक्रमे पट आहे. हे हिस्टॉरिसिस्ट वाचन. मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या पाठोपाठच्या प्रोटेस्टंटांना ते जवळचे होते आणि अ‍ॅडव्हेंटिस्ट परंपरेने ते आजही जपले आहे. चौथ्या अध्यायापासूनचा भाग अजून घडायचाच आहे असे मानणारे वाचन फ्यूचरिस्ट म्हणून ओळखले जाते, आणि १५९०च्या सुमारास ते नव्याने मांडणारा फ्रान्सिस्को रिबेरा हाही जेझुइटच होता. चौथे आयडियलिस्ट वाचन म्हणते की या दृष्टान्तांना एकेका घटनेशी बांधू नये, कारण कोकरा (ख्रिस्त) आणि श्वापद (त्याच्या विरोधातली सत्ता) यांच्यातला जो संघर्ष प्रत्येक पिढीत चालतो त्याचे ते चित्र आहे.

ही नावे वर्गाला पाठ करायला लावू नयेत. पण पहिले आणि तिसरे वाचन कोणत्या वादातून पुढे आले एवढे सांगावे. पोप हाच ख्रिस्तविरोधक असे प्रोटेस्टंट सुधारक म्हणू लागले, तेव्हा त्याला उत्तर देताना एका कॅथलिक विद्वानाने भविष्यवाणी दूरच्या भविष्याकडे नेली आणि दुसऱ्याने ती भूतकाळाकडे नेली. आज रिबेराचे वाचन मुख्यतः पेंटेकॉस्टल आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांत दिसते. ज्या वाचनाला आपण आपल्या मंडळीचा वारसा समजतो ते दुसऱ्याच घरातून आलेले असू शकते, हे समजल्यावर माणूस आपल्या मताकडे थोड्या नम्रतेने पाहतो.

चारही वाचनांना लागू पडतील असे तीन नियम इथेच ठरवून घ्यावेत. पहिला, प्रकटीकरण जिथे स्वतःच प्रतीकाचा अर्थ सांगते तिथे तोच अर्थ धरावा: १:२० मध्ये समया म्हणजे मंडळ्या, १७:१५ मध्ये जले म्हणजे लोक व समुदाय. दुसरा, कोणत्याही चित्राचे मूळ आधी जुन्या करारात शोधावे, वर्तमानपत्रात नव्हे. दानीएल, यहेज्केल, यशया आणि जखऱ्या यांच्या प्रतिमा या पुस्तकात इतक्या दाट आहेत की ती चार पुस्तके शेजारी उघडी ठेवल्यावाचून पान उलटू नये. तिसरा, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या सात मंडळ्यांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या खऱ्याखुऱ्या माणसांना, हे पत्र वाचून दाखवले गेले होते. जो अर्थ त्यांच्यातल्या एकालाही कधीच कळू शकला नसता, तो अर्थ स्वीकारण्याआधी थांबून विचार करावा.

द्राक्षकुंड: एक उतारा शेवटपर्यंत

चार वाचने तोंडी समजावून सांगण्यापेक्षा एका उताऱ्यावर चालवून दाखवावीत, आणि नाशिकच्या वर्गासाठी प्रकटीकरण १४:१७-२० हून चांगला उतारा मला माहीत नाही. देवदूत तीक्ष्ण कोयता घेऊन पृथ्वीच्या द्राक्षवेलीचे घड काढतो, कारण द्राक्षे पिकली आहेत. ते घड देवाच्या क्रोधाच्या मोठ्या द्राक्षकुंडात टाकले जातात, नगराबाहेर ते कुंड तुडवले जाते, आणि त्यातून निघालेले रक्त घोड्यांच्या लगामांपर्यंत पोचते व १६०० स्टेडिया अंतर वाहत जाते. दिंडोरी-निफाडकडची ज्यांची बाग आहे त्यांना इथे आधी बोलू द्यावे. पिकलेला घड वेलीवर ठेवता येत नाही, ऑक्टोबरच्या छाटणीपासून मोजलेले दिवस भरले की काढणी पुढे ढकलता येत नाही, हे ते कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा चांगले सांगतात, आणि उताऱ्यातला देवदूत नेमके हेच म्हणतो: वेळ भरली आहे.

मग जुना करार उघडावा. योएल ३:१३ मध्ये विळा घाला, पीक तयार आहे, कुंड भरले आहे, हे शब्द आहेत. यशया ६३:१-६ मध्ये अदोमातून येणाऱ्याची वस्त्रे द्राक्षे तुडवणाऱ्यासारखी लाल झालेली आहेत आणि तो म्हणतो की मी एकट्यानेच कुंड तुडवले. प्रकटीकरणात पुढे १९:१५ मध्ये हेच काम स्वतः ख्रिस्त करतो. इथवर कोणाचाही वाद नाही, आणि वर्गाला ते तसे सांगावे.

वाद १६०० या आकड्यापाशी सुरू होतो. एक स्टेडिया म्हणजे सुमारे १८५ मीटर, म्हणून हे अंतर साधारण ३०० किलोमीटर होते. भविष्यात घडणार असे मानणारा वाचक म्हणतो की ही पवित्र देशाची उत्तर-दक्षिण लांबी आहे, म्हणून शेवटचे युद्ध तिथे प्रत्यक्ष होईल. घडून गेले असे मानणारा वाचक तोच आकडा घेऊन उलट सांगतो की त्या देशाचा विनाश इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती तीतसाच्या सैन्याने केला, आणि ‘नगराबाहेर’ या शब्दांकडे तो लक्ष वेधतो. प्रतीकात्मक वाचन करणारा आकडा फोडून दाखवतो: चार गुणिले चार, गुणिले दहा गुणिले दहा. चार ही पृथ्वीच्या दिशांची संख्या आणि दहा ही पूर्णतेची, म्हणून हा न्याय सर्व पृथ्वीवर आणि पूर्ण आहे. ऐतिहासिक वाचनाला या उताऱ्यात फारसे वेगळे सांगायचे नसते. त्याचे खरे क्षेत्र म्हणजे ११ ते १३ या अध्यायांतले १२६० दिवस आणि ४२ महिने.

आता वर्गाला विचारावे की या तिघांपैकी कोणी मजकूर नाकारला का. कोणीही नाकारलेला नाही. कोणी अंतर मोजले आणि कोणी संख्येचा अर्थ लावला, इतकाच फरक आहे, आणि तो फरक पडतो याचे कारण हे पुस्तक इतरत्र संख्या कशा वापरते याविषयी प्रत्येकाची धारणा वेगळी आहे. ही गोष्ट एकदा हातात आली की पुढचे सर्व वाद समजायला सोपे जातात, म्हणून या उताऱ्याला पूर्ण बैठक द्यावी आणि घाई करू नये.

हजार वर्षे

चौथी आणि पाचवी बैठक प्रकटीकरण २०:१-१० साठी ठेवावी. आधी उतारा दोनदा वाचावा आणि या हजार वर्षांचा उल्लेख बायबलात याच अध्यायात, सहा वेळा, येतो हे वर्गाकडून मोजून घ्यावे. सैतान बांधला जातो, हुतात्मे जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर राज्य करतात, हजार वर्षांनी सैतान सुटतो, गोग व मागोग चालून येतात आणि आकाशातून अग्नी उतरतो.

प्रीमिलेनियल मताप्रमाणे ख्रिस्त आधी येतो आणि मग हजार वर्षे पृथ्वीवर राज्य करतो. पपियस, जस्टिन, इरेनियस या आरंभीच्या शिक्षकांचे मत हेच होते. या मताचे सर्वांत बळकट प्रमाण २०:४-५ मध्ये आहे. हुतात्मे जिवंत झाले आणि बाकीचे मेलेले हजार वर्षे पुरी होईपर्यंत जिवंत झाले नाहीत. एकाच वाक्यसमूहात एकच क्रिया दोनदा येते, तर पहिल्या वेळी ती आध्यात्मिक आणि दुसऱ्या वेळी शारीरिक कशी, असा हा प्रश्न आहे आणि तो वजनदार आहे.

अमिलेनियल मताप्रमाणे ही हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा, आपण ज्यात आहोत तोच, काळ. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात हे वाचन मांडले, आणि आपणही पूर्वी दुसरे मत मानत होतो हे तिथेच सांगितले. त्याचा आधार असा: मार्क ३:२७ मध्ये येशू बळकट माणसाला आधी बांधण्याविषयी बोलतो, म्हणजे सैतानाचे बांधले जाणे सुरू झालेले आहे. योहान ५:२५ मध्ये मेलेले आताच ऐकून जिवंत होतात आणि ५:२८-२९ मध्ये कबरेतले पुढे उठतात, म्हणजे दोन प्रकारचे उठणे एकाच अध्यायात प्रभूनेच सांगितले आहे. याला आणखी एक निरीक्षण जोडावे. २०:८ मधले गोग व मागोग यहेज्केल ३८-३९ मधून आले आहेत, आणि १९:१७-१८ मधली पक्ष्यांची मेजवानीही यहेज्केल ३९ मधूनच आली आहे. मग या दोन लढाया आहेत, की एकाच लढाईचे दोनदा केलेले वर्णन? विसावा अध्याय एकोणिसाव्याच्या पुढचा आहे की तोच काळ पुन्हा सुरुवातीपासून सांगणारा आहे, यावर सारे अवलंबून आहे. वर्गातला वाद भरकटू लागला की त्याला या एका प्रश्नावर परत आणावे.

कॅथलिक शिक्षण या बाबतीत ऑगस्टीनच्या जवळ आहे. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद ६७६ इतिहासाच्या आतच मशीहाचे राज्य पूर्ण होईल ही कल्पना नाकारतो. लूथरनांचा १५३०चा आउग्सबुर्ग विश्वासांगीकारही सतराव्या कलमात अशाच कल्पनेला विरोध करतो. जॉन कॅल्व्हिनने नव्या कराराच्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिले, पण प्रकटीकरणावर लिहिले नाही.

पोस्टमिलेनियल मत सांगते की सुवार्तेच्या प्रसाराने पृथ्वीवर ख्रिस्ताच्या राज्याचा दीर्घ सुकाळ येईल आणि त्यानंतर प्रभू येईल. मोहरीचा दाणा आणि खमीर यांचे दाखले, स्तोत्र ११०, आणि १ करिंथ १५:२५ ही त्यांची वचने. आज या मताचे लोक कमी भेटतात, पण अठराव्या व एकोणिसाव्या शतकातल्या मिशन चळवळीमागे ही आशा मोठ्या प्रमाणात होती. १८३२ साली नाशकात चर्च मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले ते याच युगात, हे लक्षात ठेवून या मताला हसण्यावारी नेऊ नये.

माझा स्वतःचा कल ऑगस्टीनच्या वाचनाकडे आहे, आणि २०:४-५ मधला प्रश्न त्या वाचनाने पूर्ण सुटत नाही असेही मला वाटते. वर्ग घेणाऱ्याने आपला कल लपवू नये. मात्र तो पाचव्या बैठकीच्या शेवटी सांगावा, पहिल्या बैठकीत नाही.

वर घेतले जाणे आणि इस्राएल

तरुणांना सर्वांत जास्त परिचित असलेले चित्र असे: मंडळी अचानक वर घेतली जाते, मग सात वर्षे महासंकट येते, ख्रिस्तविरोधक राज्य करतो, आणि शेवटी ख्रिस्त आपल्या लोकांसह परत येतो. हे डिस्पेन्सेशनल मत म्हणून ओळखले जाते. जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) या प्लिमथ ब्रेदरन शिक्षकाने १८३०च्या दशकात त्याला आकार दिला, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड टिपांच्या बायबलने ते जगभर नेले, कारण त्यात वचन आणि टीप एकाच पानावर होते आणि वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसेनासा झाला. हे मत नवीन आहे म्हणून चूक आहे असा युक्तिवाद मात्र वर्गात चालू देऊ नये. वयावरून मत खरे-खोटे ठरत नाही.

या मताची मेख दानीएल ९:२४-२७ मध्ये आहे. सात वर्षांचे एक सप्तक धरले तर सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे, त्यांपैकी ६९ ख्रिस्तापर्यंत पूर्ण झाली आणि सत्तरावे अजून बाकी आहे, मधला काळ मंडळीचा. विरुद्ध बाजू विचारते की हे मधले अंतर उताऱ्यात कुठे आहे. सत्तरावे सप्तक ख्रिस्ताच्या सेवेत व मरणातच पूर्ण झाले असे अनेक जुने वाचक मानतात, आणि काही विद्वान हा उतारा ख्रिस्तपूर्व १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट करणाऱ्या चौथ्या अंतियोख राजाशी जोडतात. फळ्यावर आडवी रेघ काढून तिन्ही हिशेब एकाखाली एक मांडावेत. हे काम कंटाळवाणे असते, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग १ थेस्सल ४:१३-१८ वाचावे. आपण मेघारूढ होऊन अंतराळात प्रभूला सामोरे जाऊ, हे सर्वांना मान्य आहे. तिथून पुढे प्रभूबरोबर स्वर्गात जायचे, की येणाऱ्या राजाला वेशीबाहेर सामोरे जाऊन त्याच्याबरोबर परत यायचे, हे तो उतारा उघडपणे सांगत नाही. संकटाआधी वर घेतले जाणे मानणारे प्रकटी ३:१० आणि १ थेस्सल ५:९ पुढे करतात. संकटानंतर मानणारे मत्तय २४:२९-३१ आणि २ थेस्सल २:१-३ दाखवतात. मत्तय २४:४० मधला ‘एक घेतला जाईल व एक ठेवला जाईल’ हा भाग वाचताना आधीची दोन वचने वाचायला विसरू नये: नोहाच्या दिवसांत जलप्रलयाने ज्यांना वाहून नेले ते अनीतिमान होते, त्यामुळे घेतला जाणारा सुखी की ठेवला जाणारा, हा प्रश्न खुला राहतो.

या बैठकीला एखादी आई हमखास विचारते की माझा मुलगा विश्वासात नाही, मी वर घेतली गेले तर त्याचे काय होईल. या प्रश्नाचे उत्तर तक्त्याने देऊ नये. पौलाने हा उतारा सांत्वनासाठी लिहिला, त्याचे शेवटचे वाक्यच एकमेकांचे सांत्वन करा असे आहे, म्हणून तिथे थांबून त्या मुलासाठी नावानिशी प्रार्थना करावी आणि वेळ गेला तर जाऊ द्यावा.

इस्राएलविषयीचा मतभेदही इथेच येतो. अब्राहामाला दिलेली भूमीची वचने यहुदी राष्ट्रासाठीच राखून आहेत, की गलती ३:२९ प्रमाणे ती ख्रिस्तात सर्वांची झाली, आणि रोम ११:२५-२६ मधला ‘सर्व इस्राएल’ कोण? १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर पहिल्या मताला मोठे बळ आले. चर्चा आजच्या राजकारणाकडे घसरू लागली तर रोम ९ ते ११ हे तीन अध्याय सलग वाचायला घ्यावेत. पौलाला आपल्या लोकांसाठी जे दुःख होते ते तिथे उघड आहे, आणि ते दुःख बाजूला ठेवून या प्रश्नावर कोणी बोलू नये असे मला मनापासून वाटते.

श्वापदाची खूण आणि तारखा

२०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून आधार क्रमांकाच्या वाटपाला सुरुवात झाली, आणि हीच ती खूण का, असे विचारणारे अजूनही भेटतात. त्यांना झिडकारू नये, प्रकटी १३:११-१८ वाचायला द्यावे. तिथली खूण श्वापदाच्या मूर्तीची उपासना करण्याशी बांधलेली आहे, आणि लगेच पुढे १४:१ मध्ये कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचे व त्याच्या पित्याचे नाव आहे. त्या नावाचा शिक्का डोळ्यांना दिसायला हवा असे कोणी म्हणत नाही, मग पहिली खूण कार्डावर का शोधावी, हा प्रश्न विचारून वर्गाला विचार करू द्यावा. ‘नेरोन कैसर’ हे नाव इब्री अक्षरांत लिहून त्यांच्या किमती मिळवल्या तर ६६६ होतात, आणि शेवटचा ‘न’ सोडला तर ६१६. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा आढळतो. इरेनियसला हा पाठभेद माहीत होता. त्याने ६६६ हाच पाठ खरा मानला, त्यात बसणारी काही नावे दिली आणि मग नाव ठामपणे जाहीर करण्यापेक्षा भविष्यवाणी पूर्ण होईपर्यंत थांबणे सुरक्षित आहे असे सांगितले.

तारखांबाबत मात्र वर्ग घेणाऱ्याने तटस्थ राहू नये. मार्क १३:३२ आणि प्रेषित १:७ यांनंतर दिवस ठरवणे ही आज्ञाभंगाची गोष्ट आहे. विल्यम मिलर या अमेरिकन बाप्टिस्ट शेतकऱ्याने गणना १४:३४ व यहेज्केल ४:६ वरून एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले, दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजले, आणि त्याच्या चळवळीने शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. हजारो लोक वाट पाहत राहिले. हॅरल्ड कँपिंग या रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली होती. मिलर दांभिक नव्हता आणि त्याचा हिशेब चुकलाही नव्हता, गृहीतक चुकले होते, म्हणून त्याचे गणित फळ्यावर पायरीपायरीने करून दाखवावे. अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी त्या निराशेतूनच पुढे उभी राहिली आणि तिने १८४४चा अर्थ वेगळा लावला, तो अर्थ मावशींनाच सांगायला लावावा.

बैठक चालवताना

प्रत्येक मत ते मानणाऱ्याकडून मांडले जावे. वर्गात तसा कोणी नसेल तर दुसऱ्या मंडळीतल्या एखाद्या पाळकसाहेबांना किंवा फादरांना बोलवावे. वीस मिनिटे मांडणी, मग वीस मिनिटे फक्त समजून घेण्याचे प्रश्न, आणि आक्षेप त्यानंतरच. बोलणाऱ्याने वचन सांगितले की सर्वांनी ते उघडेपर्यंत थांबावे. मोबाइलवरचे प्रवचन वर्गात वाजवू नये, कारण त्याला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. पंडिता रमाबाईंचे भाषांतर, प्रचलित आवृत्ती आणि सोपी मराठी आवृत्ती अशा किमान दोन-तीन प्रती मध्ये ठेवाव्यात. “हे पाखंड आहे” हे शब्द पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहिलेल्या चार गोष्टींपैकी एखादी नाकारणाऱ्याखेरीज कोणाविरुद्धही वापरू नयेत, आणि हा नियम तोंडी न सांगता लिहून भिंतीवर लावावा.

शेवटच्या बैठकीत प्रकटीकरण २१ आणि २२ हे दोन अध्याय पाळीपाळीने मोठ्याने वाचावेत आणि त्यावर वाद घेऊ नये. त्यानंतर प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन त्यावर दोन गोष्टी लिहायला सांगाव्यात: मी जे मत धरतो त्याला सर्वांत अवघड जाणारे वचन कोणते, आणि ज्या मताशी मी असहमत आहे त्याचे कोणते म्हणणे मला आता नाकारता येत नाही. नाव लिहायची गरज नाही. कागद वाचून दाखवू नयेत, गोळा करून पुढच्या वेळी वर्ग घेणाऱ्याकडे द्यावेत, म्हणजे कोणत्या वचनांना पूर्ण बैठक लागेल हे त्याला आधीच ठरवता येईल.